ताप कशाचा? शोध घेणारे बालसंसर्गरोगतज्ज्ञ

- प्रतिनिधी

पावसाळा सुरू झाला, की शहरांतील बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत गर्दी वाढू लागते. सर्दी, खोकला, जुलाब आणि ताप यांपैकी एखादी तक्रार तरी प्रत्येक पालकाच्या तोंडी असते. यांतील बहुसंख्य मुले तीन-चार दिवसांत बरी होतात. त्यांना विशेष औषधांचीही गरज भासत नाही. प्रश्न उरतो तो थोड्या मुलांचा. आठवडा उलटला तरी ताप उतरत नाही, एकामागून एक प्रतिजैविके देऊन होतात, तपासण्यांच्या कागदांनी फाइल फुगत जाते आणि तरीही आजाराचे नाव कळत नाही. अशा वेळी नेहमीचे डॉक्टर ज्यांचा सल्ला घेण्यास सुचवितात, ते बालसंसर्गरोगतज्ज्ञ. लहान मुलांना जिवाणू, विषाणू, बुरशी आणि परोपजीवी यांच्यामुळे होणाऱ्या आजारांचे हे विशेष जाणकार होत.

हृदयरोगतज्ज्ञाकडे हृदय असते, अस्थिरोगतज्ज्ञाकडे हाडे असतात. बालसंसर्गरोगतज्ज्ञाच्या वाट्याला असा कोणताही एक अवयव येत नाही. जंतू शरीरात कोठेही ठाण मांडू शकतो. त्यामुळे मेंदूज्वरापासून हाडातील पुवापर्यंत आणि क्षयरोगापासून डेंगीपर्यंत सारे आजार त्यांच्या कक्षेत येतात. हे तज्ज्ञ म्हणजे अधिक 'जालीम' औषध देणारे डॉक्टर, असा अनेक पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांचा मोठा वेळ कोणते औषध द्यायचे नाही आणि सुरू असलेले कोणते थांबवायचे, हे ठरविण्यात जातो. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची संख्या वाढत असताना या निर्णयाचे मोल आणखी वाढले आहे.

शिक्षण आणि कामाचे स्वरूप

आपल्याकडे एमबीबीएसचा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप पूर्ण केल्यानंतर बालरोगशास्त्रातील तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. त्यानंतर संसर्गजन्य रोगांचे विशेष प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर या शाखेत काम करतात. अमेरिकेत बालरोगशास्त्राच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर या विषयासाठी आणखी तीन वर्षे द्यावी लागतात. भारतात ही शाखा तुलनेने तरुण आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेचा संसर्गजन्य रोगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. मात्र, पूर्णवेळ हेच काम करणारे तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आढळतात. अन्यत्र ही जबाबदारी अनुभवी बालरोगतज्ज्ञच पार पाडतात.

रुग्ण थेट त्यांच्याकडे येण्याचे प्रमाण कमी असते. बालरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभागातील डॉक्टर त्यांचा सल्ला मागतात. शस्त्रक्रियेची जखम चिघळली, रक्तात न ओळखीचा जंतू सापडला किंवा एखाद्या औषधाने गुण येईना, की त्यांना बोलावणे जाते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेशी तर त्यांचा रोजचाच संबंध असतो.

मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे

मोठ्यांच्या संसर्गजन्य आजारांचे तज्ज्ञ असताना मुलांसाठी वेगळे तज्ज्ञ कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर मुलांच्या शरीरात आहे. नवजात बालकाची प्रतिकारशक्ती पुरेशी विकसित झालेली नसते. आईकडून मिळालेली संरक्षक प्रतिपिंडे पहिल्या वर्षात हळूहळू ओसरत जातात. त्यामुळे तीन आठवड्यांच्या, आठ महिन्यांच्या आणि पाच वर्षांच्या मुलांना सारखाच ताप आला, तरी त्यामागील संभाव्य कारणे वेगवेगळी असतात. पाच वर्षांच्या मुलाच्या तापाकडे दोन दिवस लक्ष ठेवून थांबता येते. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, तर मात्र त्याच दिवशी तपासणी आवश्यक ठरते.

औषधांचेही तसेच आहे. मुलांत औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि नवजात बालकांचे यकृत व मूत्रपिंडे अपरिपक्व असल्याने औषध शरीरातून बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने याचा कटू धडा दिला. १९५०च्या दशकात हे औषध दिलेली काही नवजात बालके निळसर-करडी पडून दगावली. त्यांच्या यकृताला ते औषध पचवता येत नव्हते.

याउलट, जुना नियम मोडावा लागण्याचीही उदाहरणे आहेत. दातांवर डाग पडतात म्हणून आठ वर्षांखालील मुलांना डॉक्सिसायक्लिन देऊ नये, असे डॉक्टरांच्या पिढ्या शिकत आल्या. स्क्रब टायफस या आजारात मात्र हेच औषध मुलाचा जीव वाचवू शकते. थोड्या दिवसांच्या उपचारात दातांना होणारा धोका नगण्य असल्याचे आता मान्य झाले आहे. नियम कोठे पाळायचा आणि कोठे बाजूला ठेवायचा, हे सांगण्यासाठी त्या विषयाचा सखोल अभ्यास लागतो.

तापाचा माग

या तज्ज्ञांची तपासणी प्रश्नांपासून सुरू होते आणि ते प्रश्न कधीकधी पालकांना असंबद्ध वाटतात. घरात कुणाला जुनाट खोकला आहे का? मूल गावी गेले होते का? घरी कुत्रा-मांजर आहे का? पिण्याचे पाणी कोठून येते? निरशा दुधाचे सेवन झाले का? कोणत्या लशी दिल्या आणि कोणत्या राहिल्या? या प्रत्येक प्रश्नामागे एखादा आजार दडलेला असतो. घरातील आजोबांचा खोकला क्षयरोगाकडे बोट दाखवितो, निरसे दूध ब्रुसेलोसिसकडे, तर शेतातील किंवा गवतातील वावर स्क्रब टायफसकडे.

स्क्रब टायफस हा माइट या अतिसूक्ष्म जीवाच्या अळीच्या चाव्याने होणारा आजार आहे. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली होती. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ती बहुधा काखेत, जांघेत किंवा कानामागे असते आणि दुखत नसल्याने लक्षात येत नाही. मुलाचे सर्व कपडे काढून नीट पाहिले, तर महागड्या तपासण्यांआधीच निदानाची दिशा मिळते.

तपासणी कोणत्या दिवशी केली, यालाही महत्त्व असते. डेंगीची एनएस-१ ही चाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी ठरते, तर प्रतिपिंडांची चाचणी साधारण पाचव्या दिवसानंतर. चुकीच्या दिवशी केलेल्या चाचणीचा 'निगेटिव्ह' अहवाल पालकांना खोटा दिलासा देऊ शकतो. डेंगीत आणखी एक फसगत होते. ताप उतरला, की मूल बरे झाले असे घरच्यांना वाटते. वस्तुतः गंभीर डेंगीचा धोका ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, पोट दुखते, उलट्या थांबत नाहीत आणि हातपाय गार पडतात. या दिवसांत केवळ प्लेटलेटच्या आकड्याकडे पाहत बसण्यापेक्षा मुलाची नाडी, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण पाहणे अधिक महत्त्वाचे असते.

टायफॉइडच्या निदानासाठी आपल्याकडे विडाल चाचणीचा सर्रास वापर होतो. परंतु जुना संसर्ग, लस किंवा दुसराच आजार यांमुळेही ही चाचणी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. खात्रीचे निदान रक्ताच्या कल्चरने होते. रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे त्यातून कळते. त्यासाठीचे रक्त प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घेणे इष्ट असते. एकदा औषध सुरू झाले, की जंतू वाढण्याची शक्यता घटते आणि पुढचा सारा प्रवास अंदाजाने करावा लागतो. वारंवार प्रतिजैविके बदललेली मुले तज्ज्ञांपर्यंत पोहोचतात, तेव्हा नेमकी हीच संधी हुकलेली असते.

लहान मुलांतील क्षयरोगाचे निदान तर अधिकच जिकिरीचे. मुले खोकून बेडका बाहेर टाकत नाहीत, गिळतात. त्यामुळे पहाटे उपाशीपोटी नळीद्वारे जठरातील द्रव काढून तपासावा लागतो. मुलातील क्षयरोग हा बहुधा जवळच्या एखाद्या मोठ्या माणसाकडून आलेला असतो. साहजिकच एका मुलाचे निदान झाले, की संपूर्ण घराची तपासणी करावी लागते.

कधीकधी शोधाअंती आजार संसर्गाचा नाहीच, असे निष्पन्न होते. जपानी डॉक्टर तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आजार हे त्याचे ठळक उदाहरण. पाच दिवसांहून अधिक ताप, लाल डोळे, लाल ओठ, अंगावर पुरळ, मानेत गाठ आणि हातापायांना सूज ही त्याची लक्षणे गोवर किंवा अन्य संसर्गासारखी भासतात. प्रतिजैविकांचा येथे काहीच उपयोग नसतो. उपचारांविना सुमारे २५ टक्के मुलांत हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांना फुगवटा येतो. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन शिरेतून दिल्यास हा धोका बराच कमी होतो. 'आणखी एक प्रतिजैविक देऊन पाहू' या विचारात हे दहा दिवस निघून गेले, तर त्याची किंमत त्या मुलाला आयुष्यभर मोजावी लागू शकते.

प्रतिजैविकांचा हिशेब

मुलांतील बहुतेक सर्दी-खोकले आणि जुलाब विषाणूंमुळे होतात. प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. ही साधी बाब सर्वांना ठाऊक असूनही व्यवहारात विसरली जाते. पालकांना लवकर गुण हवा असतो, डॉक्टरांना धोका पत्करायचा नसतो आणि औषधाच्या दुकानात मागील वर्षीची चिठ्ठी दाखवून बाटली मिळते. भारत सरकारने १ मार्च २०१४ पासून लागू केलेल्या 'शेड्यूल एच-१' या तरतुदीनुसार अनेक महत्त्वाची प्रतिजैविके आणि क्षयरोगावरील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यांच्या विक्रीची नोंदही दुकानदाराला ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली. नेहमीच्या वापराची, जपून वापरायची आणि अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवायची, असे हे गट आहेत.

रुग्णालयात या शिस्तीची अंमलबजावणी करण्याची जबाबदारी संसर्गरोगतज्ज्ञांवर असते. गंभीर मुलाला सुरुवातीला अनेक जंतूंवर चालणारे औषध द्यावेच लागते. तेथे वाट पाहणे धोक्याचे असते. मात्र, दोन-तीन दिवसांनी कल्चरचा अहवाल हाती आल्यावर नेमक्या जंतूवर चालणाऱ्या साध्या औषधाकडे वळायचे, संसर्ग नसल्याचे दिसल्यास औषध बंद करायचे आणि शक्य तितक्या लवकर सलाइनऐवजी तोंडाने औषध द्यायचे, असा क्रम असतो. उपचारांचा कालावधीही आता नव्याने तपासला जात आहे. घरी उपचार होऊ शकतील अशा साध्या न्यूमोनियात पूर्वी दहा दिवस औषध दिले जाई. सुधारणा होत असलेल्या मुलांना पाच दिवसही पुरतात, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसून आले आहे. अर्थात, कालावधी कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो. पालकांनी परस्पर औषध थांबविणे किंवा उरलेले औषध धाकट्या भावंडाला देणे, हे दोन्ही घातक आहे.

हा हिशेब कशासाठी, याचे उत्तर नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात मिळते. पाश्चात्त्य देशांतील पाठ्यपुस्तकांत नवजात बालकांच्या रक्तसंसर्गासाठी 'ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस' या जंतूला अग्रस्थान असते. भारतातील अनेक रुग्णालयांत मात्र क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर हे जंतू प्रामुख्याने आढळतात आणि त्यांतील अनेक प्रकार नेहमीच्या औषधांना जुमानत नाहीत. मोठ्यांच्या सर्दीसाठी अकारण घेतलेली गोळी आणि दीड किलो वजनाच्या बाळासाठी संपत चाललेले पर्याय, यांचा असा दूरचा पण खरा संबंध आहे. अशा कक्षांत हात धुण्याची शिस्त, सलाइनच्या नळ्यांची निगा, गर्दी टाळणे आणि आईच्या दुधाचा आग्रह यांवर देखरेख ठेवणे, हाही या तज्ज्ञांच्या कामाचा भाग होय.

दुर्बल प्रतिकारशक्तीची मुले

कर्करोगावर उपचार घेणारी, मूत्रपिंड किंवा यकृताचे प्रत्यारोपण झालेली, एचआयव्हीबाधित किंवा जन्मतःच प्रतिकारशक्तीत दोष असलेली मुले, हा या शाखेतील सर्वांत नाजूक गट. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला ताप येणे, ही आणीबाणीच मानली जाते. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याचा प्रयत्न असतो. औषध देण्यात संयम बाळगणारा हाच तज्ज्ञ येथे एक मिनिटही दवडू देत नाही.

वारंवार न्यूमोनिया होणे, एकाच ठिकाणी पुनःपुन्हा गळू होणे, वजन न वाढणे किंवा बीसीजी लशीनंतर संसर्ग शरीरभर पसरणे, या खुणा जन्मजात दोषाकडे निर्देश करतात. अशा दोषांच्या निदानाचे आणि संशोधनाचे काम करणारी राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था मुंबईत आहे. या मुलांना जिवंत जंतूंपासून बनविलेल्या काही लशी देता येत नाहीत. थॅलेसेमियासारख्या आजारात प्लीहा काढण्याची वेळ आली, तर काही लशी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी द्याव्या लागतात. हे वेळापत्रक आखणे, हे या तज्ज्ञांचे काम असते.

लस राहिली, की गोवर परततो

संसर्गजन्य आजारांवरील सर्वांत मोठे यश लसीकरणाने मिळविले आहे. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. यशाची दुसरी बाजू अशी, की आजार दिसेनासा झाला की त्याची भीती ओसरते आणि लस मागे पडते.

मुंबईने याचा अनुभव २०२२ मध्ये घेतला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली आणि काही बालकांचा मृत्यू झाला. कोविडच्या काळात नियमित लसीकरण मागे पडले होते. दाट वस्ती, कुपोषण आणि लशीबद्दलची साशंकता यांची त्यात भर पडली. पालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांसाठी खाटा राखून ठेवाव्या लागल्या. मालेगाव, भिवंडी येथेही रुग्ण आढळले.

गोवर हा अत्यंत वेगाने पसरणारा आजार आहे. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एक रुग्ण १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल संसर्ग पसरवू लागते. त्यामुळे साथ रोखण्यासाठी किमान ९५ टक्के मुलांना लशीच्या दोन मात्रा मिळाव्या लागतात. नियमित कार्यक्रमात त्या ९ ते १२ महिने आणि १६ ते २४ महिने या वयांत दिल्या जातात. त्या साथीत बाधित भागांतील पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना जादा मात्रा देण्याचा आणि नऊ महिन्यांच्या आतील बाळांमध्ये रुग्ण अधिक असतील, तेथे सहा महिन्यांपासूनच लस देण्याचा निर्णय घेण्यात आला. असे निर्णय रुग्णांचे वय आणि लशीची नोंद काटेकोर तपासूनच घेता येतात. गोवराचा विषाणू शरीराची आधीच्या आजारांविरुद्धची स्मृतीही पुसट करतो. म्हणून गोवरातून बरे झालेले मूल पुढे अनेक महिने न्यूमोनिया आणि जुलाबाला सहज बळी पडते. गोवर झालेल्या मुलांना जीवनसत्त्व 'अ' देण्यामागे गुंतागुंत टाळण्याचाच हेतू असतो.

साथीची पहिली चाहूल

एकाच भागातून सारखी लक्षणे असलेली दोन-तीन मुले आली, की अनुभवी डॉक्टरांना शंका येते. ती शंका आरोग्य विभागाला वेळेत कळविणे, हेही कर्तव्यच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गुईलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतील शक्ती जाणारा हा विकार स्वतः संसर्गजन्य नाही. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटल्याने तो होतो. पुण्यात अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबास कारणीभूत ठरणारा जंतू आढळला आणि तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे वळला. रुग्णांत लहान मुलेही होती. उपचार अतिदक्षता विभागात होत असताना आजाराचे मूळ मात्र वस्तीच्या पाण्यात शोधावे लागत होते.

१९६५ मध्ये नागपूर भागात सापडलेल्या आणि तेथील चांदीपुऱ्याचेच नाव मिळालेल्या विषाणूची कथाही बोलकी आहे. वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूमुळे मुलांना झपाट्याने मेंदूज्वर होतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याने बालकांचे बळी घेतले. त्यावर नेमके औषध किंवा लस नाही. अशा वेळी मुलाला लवकर रुग्णालयात आणणे, झटके आवरणे आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळेत नमुने तातडीने पाठविणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

पालकांनी काय करावे?

प्रत्येक तापासाठी या तज्ज्ञांकडे जाण्याची गरज नाही. पहिला सल्ला नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांचाच घ्यावा. ताप आठवडाभराहून अधिक टिकला आणि कारण सापडले नाही, तोच गंभीर संसर्ग पुनःपुन्हा झाला, क्षयरोगावरील औषधांनी गुण आला नाही किंवा मुलाची प्रतिकारशक्ती मुळातच दुर्बल असेल, तर तज्ज्ञांच्या मताबाबत त्यांच्याशी बोलावे.

भेटीला जाताना लसीकरणाचे कार्ड, आधीचे सर्व अहवाल आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव व तारीख सोबत न्यावी. ताप कधी आणि किती आला, याची वहीत केलेली नोंद अनेकदा एखाद्या महागड्या तपासणीपेक्षा अधिक उपयोगी ठरते. तीन महिन्यांखालील बाळाला ताप येणे, मूल सुस्त पडणे, झटके, श्वास लागणे, सतत उलट्या, लघवी बंद होणे, हातपाय गार पडणे किंवा न दबणारे जांभळट पुरळ दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास मात्र भेटीची वेळ घेत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

आणि डॉक्टरांनी 'आज प्रतिजैविकाची गरज नाही, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा' असे सांगितले, तर उपचारच केले नाहीत असे समजू नये. मुलाला नीट तपासून आणि धोक्याच्या खुणा नाहीत याची खात्री करून दिलेला हा सल्ला हाही एक उपचारच असतो. उद्या एखाद्या बाळाला खरोखर गरज पडेल, तेव्हा ते औषध कामी यावे, याची तजवीज त्यातूनच होत असते.